छपरीतले दुकान आणि घराचा कागद

साकोली मागे टाकून राष्ट्रीय महामार्ग ५३ पूर्वेकडे निघाला की गोंदिया जिल्ह्यात शिरल्यावर सौंदड लागते. जुनी माणसे या रस्त्याला अजूनही 'सहा नंबर' म्हणतात. मुंबई-कोलकाता महामार्ग म्हणून ओळखला जाणारा हा रस्ता सडक अर्जुनी तालुक्यातून जातो आणि पुढे देवरीमार्गे छत्तीसगडकडे वळतो. गावात रेल्वे स्थानकही आहे. गोंदिया ते बल्लारशा हा मार्ग एकेकाळी नॅरोगेज होता, नंतर तो ब्रॉडगेज झाला. जवळून चुलबंद नदी वाहते आणि वैनगंगेला जाऊन मिळते. उत्तरेला नागझिरा, दक्षिणेला नवेगाव बांध आणि या दोन्ही जंगलांच्या मधल्या पट्ट्यात धानाच्या बांध्या. सडक आणि रूळ दोन्ही असलेले गाव भोवतालच्या वीस-पंचवीस खेड्यांसाठी आपोआप बाजार होते. नाश्त्याची कँटीन, पानठेला, आटाचक्की, शिवणयंत्र, मोबाइल दुरुस्ती, पंक्चरचे दुकान, झेरॉक्स आणि दाखल्यांचे केंद्र, किराणा हे सगळे अशा गावात लागतेच.

यांतले बहुतेक धंदे एकच माणूस चालवतो. नोकर ठेवण्याइतकी उलाढाल नसते आणि भागीदार घेण्याइतकी जोखीम कोणाला पेलत नाही. घरची मंडळी मध्येमध्ये गल्ल्यावर बसतात, पण खरेदी, विक्री, हिशेब आणि वसुली एकाच्याच डोक्यावर असते. अशा माणसाने धंद्याबद्दल विचारले, तर लोक त्याला कर्जाच्या योजना सांगतात, कोणता माल चालतो ते सांगतात. घराबद्दल कोणी बोलत नाही. सौंदडसारख्या गावात मात्र एकट्याच्या धंद्याचा सर्वांत मोठा निर्णय घराचाच असतो. घर कोणत्या रस्त्यावर आहे, त्याची छपरी कोणत्या दिशेला उघडते आणि त्याचा कागद कोणाच्या नावाचा आहे, यावर पुढची वीस वर्षे ठरतात.

कारण सरळ आहे. भाड्याच्या गाळ्यात बसलेल्या शिंप्याला समजा महिन्याला दोन हजार रुपये भाडे पडते. वर्षाचे चोवीस हजार झाले. रोवणीच्या दिवसांत सगळे गाव बांधीत असते, गिऱ्हाईक फिरकत नाही. भाडे मात्र त्या महिन्यांतही द्यावेच लागते. तोच शिंपी स्वतःच्या छपरीत यंत्र मांडून बसला, तर मंदीचे दोन महिने त्याला बुडवत नाहीत. शिवाय त्याला दुकान उघडायला आणि बंद करायला कुठे जावे लागत नाही. सकाळी सहाला कोणी फाटलेली पिशवी घेऊन आला तरी तो तिथेच असतो, आणि दुपारी मूल तापाने फणफणले तरीही तो तिथेच असतो. एकट्या माणसाच्या धंद्यात हे दुसरे कारण पैशाइतकेच मोलाचे आहे.

घर आणि कारखाना एकाच छपराखाली असणे या भागाला नवे नाही. १ मे १९९९ पर्यंत गोंदिया हा भंडारा जिल्ह्याचाच भाग होता, आणि जुन्या भंडारा जिल्ह्याची नामांकित कारागिरी घरातच उभी राहिली. आंधळगाव, मोहाडीकडचे कोष्टी टसरची करवतकाठी लुगडी विणत, ती राहत्या घरातल्या मागावर. सूत उकलण्यापासून काठ भरण्यापर्यंत घरातला प्रत्येक हात त्यात असे. विडीचे तर सगळे अर्थकारणच घराच्या ओसरीवर चालले. उन्हाळ्यात जंगलातून तेंदूपत्ता येई, कंत्राटदार पाने आणि तंबाखू मोजून देई आणि बायका दुपारभर विड्या वळत. घरी बसून विडी वळणाऱ्यांनाही कामगार म्हणून ओळख मिळावी, याची तरतूद १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने केली. म्हणजे घरात चालणाऱ्या कामाला काम मानण्याची लढाई या पट्ट्याने फार आधी पाहिली आहे.

इथल्या जुन्या घरांची रचनाही या सवयीला साजेशी आहे. पुढे रस्त्याकडे उघडणारी छपरी, आत माजघर, त्यामागे रांधायची खोली आणि सगळ्यांत मागे सांदवाडी. वर कवेलू. सांदवाडीत भाजी, विहीर, गुरांचा गोठा. छपरीत पूर्वी बैलांचे सामान आणि धानाच्या कट्ट्या असत, आज तिथे काउंटर येते. स्लॅबचे नवे घर बांधतानाही अनेक जण पुढच्या खोलीला दार न लावता शटर लावतात. धंदा अजून ठरलेला नसतो, पण शटरची जागा ठरलेली असते.

आता अशा गावात घर विकत घ्यायचे तर नेमके काय विकत घ्यायचे, हे समजून घ्यायला हवे. शहरात फ्लॅट घेणारा बांधकाम कंपनीचे कागद आणि बँकेचा वकील यांच्यावर विसंबतो. गावात तसे कोणी नसते. तिथे घर म्हणजे तीन वेगवेगळ्या प्रकारच्या जागा असू शकतात आणि प्रत्येकीचा कागद निराळा असतो.

पहिली जागा गावठाणातली. विदर्भात तिला आबादी म्हणण्याची पद्धत आहे. या शब्दामागे मध्य प्रांताचा इतिहास आहे. पश्चिम महाराष्ट्रात रयतवारी होती, तर इथे मालगुजारी. गावाचा मालक मालगुजार आणि आबादीत घर बांधायला जागा मिळे ती त्याच्या गावात. स्वातंत्र्यानंतर मालकी हक्क संपवणारा कायदा झाला आणि १९५१ मध्ये मालगुजारी गेली. घरे मात्र जिथे होती तिथेच राहिली, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यांचे व्यवहार तोंडी किंवा साध्या कागदावर होत आले. शेतीला सातबारा असतो. आबादीतल्या घराला तो नसतो. मग माणसे ग्रामपंचायतीचा नमुना ८ काढून दाखवतात.

इथेच पुष्कळांची फसगत होते. नमुना ८ हा घरपट्टीच्या आकारणीचा उतारा आहे. घर क्रमांक किती, बांधकाम कसले, कर किती, भोगवटा कोणाचा, हे त्यात असते. कर कोण भरतो याचा तो चांगला पुरावा आहे, पण मालकी ठरवणारा दस्तऐवज नाही. विकणारा जेव्हा 'आठ माझ्या नावावर आहे, अजून काय पाहिजे' म्हणतो, तेव्हा घेणाऱ्याने थांबायला हवे. ते नाव तिथे कसे आले, हा खरा प्रश्न. आजोबांच्या नावावरून नातवाच्या नावावर थेट नोंद झाली असेल, तर मधल्या पिढीतल्या आत्या, काका आणि चुलत भावंडे कुठे गेली?

वारसांचा हा मुद्दा गावच्या घराच्या व्यवहारात सर्वांत नाजूक आहे. हिंदू वारसा कायद्यात ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. महाराष्ट्राने तर १९९४ मध्येच त्या दिशेने पाऊल टाकले होते. २००५ मध्ये वडील हयात नव्हते तरी मुलीचा हक्क जात नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात दिला. लग्न होऊन लाखनीला किंवा राजनांदगावला गेलेली बहीण वडिलोपार्जित घराच्या विक्रीपत्रावर सही करत नाही, तोवर तो व्यवहार अर्धाच असतो. ती आज काही बोलणार नाही. पण दहा वर्षांनी तिच्या मुलांनी दावा लावला, तर छपरीत धंदा मांडून बसलेल्या माणसाचे दुकान आणि घर एकदमच कोर्टात जाते. बहिणीला बोलावणे, तिचा हिस्सा तिला देणे किंवा तिने राजीखुशीने नोंदणीकृत हक्कसोड करणे, एवढे झाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. यात बहिणीवर उपकार नाहीत, तो तिचा हक्क आहे, आणि विकत घेणाऱ्याने तो मागे लागून पाळायला लावावा.

दुसरी फसगत मुद्रांकाची. शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर लिहून, दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन, नोटरीचा शिक्का मारून घर 'घेतले', असे सांगणारे लोक प्रत्येक गावात भेटतात. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेच्या विक्रीची नोंदणी सक्तीची आहे. शंभर रुपयांची ही मर्यादा इतकी जुनी आहे की आज कोणतेही घर तिच्या खाली बसत नाही. केवळ मुखत्यारपत्र आणि करारनाम्यावर झालेली विक्री मालकी देत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑक्टोबर २०११ च्या सूरज लॅम्प निकालात स्पष्ट केले. बयाणा देताना इसारपत्र करावे, पण घर आपले झाले असे मानावे ते दुय्यम निबंधकासमोर विक्रीपत्र नोंदले गेल्यावरच. त्याआधी निबंधक कार्यालयात मागच्या तीस वर्षांचा शोध घेऊन त्या घरावर गहाण, बोजा किंवा दुसरे विक्रीपत्र आहे का, हे पाहून घ्यावे. वकिलाला या शोध अहवालासाठी द्यावे लागणारे पैसे हा घर खरेदीतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी खर्च आहे.

गावठाणातल्या घरांना मालकीचा कागद मिळावा म्हणून केंद्र सरकारने २४ एप्रिल २०२० रोजी स्वामित्व योजना सुरू केली. त्याआधी महाराष्ट्राने पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात ड्रोनने गावठाण मोजून पाहिले होते. भूमी अभिलेख विभाग चुन्याने घरांच्या हद्दी आखतो, सर्व्हे ऑफ इंडियाचे ड्रोन वरून छायाचित्रे घेतात, मग चौकशी आणि हरकती होऊन प्रत्येक घराला मिळकत पत्रिका मिळते. विदर्भात तिला आखीव पत्रिका म्हणतात. १८ जानेवारी २०२५ रोजी देशभरातल्या पन्नास हजारांवर गावांमध्ये ६५ लाखांहून अधिक पत्रिका एकाच दिवशी वाटल्या गेल्या. गावठाणातले घर घेणाऱ्याने म्हणून पहिला प्रश्न विचारावा तो हाच: आखीव पत्रिका निघाली आहे का, आणि तिच्यावर कोणाकोणाची नावे आहेत? आणि ज्यांचे घर आधीपासून आहे, त्यांनी मोजणीवाले गावात आले की शेतावर न जाता दारात उभे राहावे. हद्दीची खूण चुकीची पडली, तर ती त्याच दिवशी सुधारणे सोपे असते, पाच वर्षांनी नाही.

दुसऱ्या प्रकारची जागा गावाबाहेरच्या शेतात पडलेल्या प्लॉटांची. रस्ता, नाली, विजेचे खांब आखलेला नकाशा दाखवला जातो आणि किंमत चौरस फुटाने सांगितली जाते. इथे सातबारा असतो, म्हणून घेणारा निर्धास्त होतो. पण सातबाऱ्यावर नाव पाहून भागत नाही, भोगवटदाराचा वर्ग पाहावा लागतो. वर्ग १ म्हणजे विकायला मोकळीक. वर्ग २ म्हणजे विकण्याआधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. सरकारने कसायला किंवा पुनर्वसनात दिलेल्या जमिनी बहुधा वर्ग २ मध्ये असतात. गोंदिया जिल्ह्यात आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची. गोंड आदिवासींची वस्ती इथे मोठी आहे, आणि आदिवासी व्यक्तीची जमीन बिगरआदिवासीला देण्यावर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमातील ३६-अ कलमाने ६ जुलै १९७४ पासून कडक बंधन घातले आहे. शासनाच्या मान्यतेशिवाय झालेला असा व्यवहार टिकत नाही. हा कायदा अडचण म्हणून पाहणाऱ्यांनी त्याच्या मागचा इतिहास आठवावा. मीठ-मिरचीच्या उधारीत आदिवासींच्या बांध्याच्या बांध्या सावकारांच्या घशात गेल्या, त्यातून हा कायदा आला. ज्याला स्वतःच्या धंद्यासाठी पक्की जागा हवी आहे, त्याने दुसऱ्याची जमीन आडवाटेने घेऊ नये.

प्लॉट अकृषक आहे का, हा पुढचा प्रश्न. गावठाणाच्या हद्दीपासून दोनशे मीटरच्या आतली जमीन राहण्यासाठी वापरायची असेल, तर ठरलेला कर भरून तसे करण्याची सोय कायद्यात झाली आहे. त्या पट्ट्याबाहेर, शेतातला एक-दोन गुंठ्यांचा तुकडा विकत घेणाऱ्याला १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने वर्षानुवर्षे अडवले. राज्य सरकारने २०२५ मध्ये तुकडेबंदी शिथिल करण्याचे पाऊल उचलले आहे, पण आपला तुकडा त्या सवलतीत बसतो का, हे तहसील कार्यालयात लेखी विचारूनच बयाणा द्यावा. विकणाऱ्याच्या तोंडच्या बातमीवर देऊ नये.

तिसरी जागा महामार्गाला लागून. धंद्याच्या दृष्टीने हीच सर्वांत मोहाची आणि सर्वांत जास्त जोखमीची. रस्ता रुंद झाला की पुढची भिंत जाते. महामार्गाच्या मध्यापासून किती अंतर सोडून बांधायचे याचे नियम ठरलेले आहेत, आणि ते न पाळलेल्या बांधकामाला संपादनाच्या वेळी कोणी विचारत नाही. भूसंपादनाची भरपाई नोंदीत ज्याचे नाव आहे त्याच्या खात्यात जाते. ज्याने साध्या कागदावर घेतले, तो पाहत राहतो. शिवाय चौपदरी रस्त्यात मध्ये दुभाजक आला की समोरच्या बाजूचे गिऱ्हाईक तुटते. ट्रक थांबायची जागा शंभर मीटर पुढे सरकली, तर चहाच्या कँटीनची विक्री त्याच आठवड्यात बदलते. एकट्याने चालवायच्या धंद्याला गावातला आडवा रस्ता पुष्कळदा अधिक मानवतो. शाळा, ग्रामपंचायत, स्थानक किंवा आठवडी बाजाराकडे जाणाऱ्या वाटेवर तीच माणसे रोज दिसतात, आणि शिवणकाम, चक्की, दुरुस्ती या धंद्यांना तीच माणसे हवी असतात.

नदीकाठच्या जागेबाबत एक गोष्ट. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला मोठा पूर आला आणि भंडारा-गोंदियातली अनेक गावे पाण्याखाली गेली. जागा उन्हाळ्यात पाहू नये, पाहिलीच तर शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारावे की पाणी कुठवर येते. त्याचे बोट जिथे थांबते, त्याच्या वर माल ठेवायची फळी असावी.

खर्चाचा हिशेब करताना घराच्या किमतीपलीकडचे पैसे धरावेत. ग्रामपंचायत क्षेत्रात मुद्रांक शुल्क शहरापेक्षा कमी असते. नोंदणी फी एक टक्का, जास्तीत जास्त तीस हजार. राहते घर बाईच्या एकटीच्या नावावर घेतले, तर १ एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. तिने ते घर पंधरा वर्षे पुरुषाला विकू नये, ही आधीची अट २०२३ मध्ये काढली गेली. पैसे वाचतात हे खरेच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे शिवणयंत्रावर, पापड-लोणच्यावर किंवा किराण्यावर घर चालवणाऱ्या बाईच्या पायाखालची जमीन तिची होते. नवरा-बायको दोघांची नावे नमुना ८ वर लावावीत, असे ग्रामविकास विभागाने २००३ मध्येच सांगितले आहे. अनेक घरांत आजही ती एक ओळ लिहिलेली नाही. ग्रामपंचायतीत अर्ज देऊन ती लिहून घ्यायला फारसे काही लागत नाही.

ज्यांच्याकडे विकत घ्यायला पैसे नाहीत, त्यांच्यासाठी घरकुल आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात सपाट प्रदेशासाठी १ लाख २० हजार रुपये हप्त्याहप्त्याने थेट खात्यात येतात, सोबत रोजगार हमीतून मजुरी आणि शौचालयासाठी वेगळे बारा हजार. अनुसूचित जातींसाठी रमाई, आदिवासींसाठी शबरी अशा राज्याच्या योजना आहेत. स्वतःची जागाच नसेल, तर पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजनेतून पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी मदत मिळते. घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट. दुकानासाठी ते तोकडे आहे. पण जागा रस्त्याला असेल आणि पाया घालतानाच पुढे दहा बाय आठची मोकळी जागा सोडली असेल, तर चार वर्षांनी तिथे छपरी उभी करता येते. पायाच्या वेळी केलेला हा विचार नंतर भिंत फोडायचा खर्च वाचवतो.

घर झाले, छपरी झाली. आता धंदा.

एकट्याच्या धंद्याला सरकारी कागद वाटतो तेवढा लागत नाही. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून ऑनलाइन आहे आणि फुकट आहे. त्यासाठी पैसे मागणाऱ्याकडून उठून यावे. मोजकीच माणसे असलेल्या दुकानाला २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार परवाना लागत नाही, फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. खाण्याचे पदार्थ विकायचे आणि वर्षाची उलाढाल बारा लाखांच्या आत असेल, तर अन्नसुरक्षा नोंदणी वर्षाला शंभर रुपयांत होते. मालाच्या विक्रीला चाळीस लाखांपर्यंत आणि सेवेला वीस लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. विजेबाबत एक उपयोगी गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. राहत्या घराच्या एका भागात छोटा धंदा असेल आणि महिन्याचा वापर तीनशे युनिटांच्या व वर्षाचा ३,६०० युनिटांच्या आत असेल, तर महावितरणच्या दरपत्रकात घरगुती दरच लागू होतो. शिवणयंत्र, झेरॉक्स, छोटा फ्रीज यांत बसतात. आटाचक्कीची मोटर बसत नाही, तिला औद्योगिक जोडणी घ्यावी लागते.

भांडवलासाठी मुद्रा कर्ज आहे. ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झालेल्या या योजनेत शिशू गटात पन्नास हजारांपर्यंत, किशोर गटात पाच लाखांपर्यंत आणि तरुण गटात दहा लाखांपर्यंत कर्ज मिळते, तारण न ठेवता. सुतार, लोहार, कुंभार, शिंपी, न्हावी अशा अठरा व्यवसायांना १७ सप्टेंबर २०२३ पासून पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत आधी एक लाख आणि ते फेडल्यावर दोन लाख, पाच टक्के व्याजाने मिळतात. बचत गटातल्या बाईला उमेद अभियानातून गटाच्या भरवशावर कर्ज मिळते, आणि पहिल्या वर्षी तेच सर्वांत सोयीचे असते. १ मे २०२५ पासून विदर्भ कोकण ग्रामीण बँक महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली आहे. जुने पासबुक, जुना आयएफएससी क्रमांक वापरणाऱ्यांनी शाखेत जाऊन तो तपासून घ्यावा, नाहीतर अनुदानाचे पैसे अडकतात.

पण कर्जापेक्षा इथल्या धंद्याला जे समजून घ्यावे लागते, ते धानाचे वर्ष. मृगात पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, टाकले जातात, जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी. त्या महिन्यांत दिवसभर गाव रिकामे असते. गिऱ्हाईक येते ते उजाडताना आणि दिवेलागणीला. घरातच दुकान असेल तर या दोन्ही वेळा साधता येतात. दिवाळीच्या सुमारास हलका धान निघतो, मग भारी. आधारभूत खरेदी केंद्रावर धान जातो. २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण धानाला क्विंटलमागे २,३६९ रुपये भाव ठरला. मात्र मोजमाप झाल्यावर पैसे खात्यात येईपर्यंत मध्ये दिवस जातात. त्याच काळात मंडई भरतात, झाडीपट्टीची नाटके लागतात, बैलांचे शंकरपट होतात, पाहुणे येतात. खर्च समोर उभा असतो आणि हातात पैसा नसतो. गाव मग दुकानदाराच्या वहीत लिहून घेते.

उधारी नाकारून या भागात दुकान चालत नाही, आणि उधारीला धरबंध नसेल तरीही चालत नाही. एकट्या दुकानदाराला मोठ्या व्यापाऱ्यासारखी वसुलीला माणसे पाठवता येत नाहीत. गिऱ्हाईक त्याचे शेजारीही असते आणि सोयरेही. जे टिकतात ते दोन गोष्टी पाळतात. एका घराला किती लिहायचे, याचा आकडा आधीच मनाशी ठरवतात, आणि धानाचे चुकारे झाल्यावर जुने खाते मिटल्याशिवाय नव्या पानाला हात लावत नाहीत. ठोक व्यापाऱ्याला द्यायचे पैसे ते गल्ल्यात ठेवत नाहीत, वेगळ्या खात्यात ठेवतात. घर आणि दुकान एकाच छपराखाली असण्याचा खरा धोका इथे असतो. घरात तेल संपले की छपरीतली पिशवी आत जाते, मुलाची फी गल्ल्यातून निघते, आणि वर्षअखेरीस धंदा कुठे गेला तेच कळत नाही. घरात नेलेली पिशवीही वहीत लिहावी, आणि महिन्याला स्वतःची रोजी ठरवून तेवढीच उचलावी. यूपीआयमुळे याला मदत झाली आहे. दुकानासाठी वेगळे खाते उघडून त्याचाच क्यूआर कोड काउंटरवर लावला, तर महिन्याची उलाढाल बँकेच्या उताऱ्यात दिसते, आणि पुढच्या कर्जाच्या वेळी तोच उतारा कामी येतो.

एकट्याच्या धंद्याची दुसरी दुखरी बाजू आजारपणाची. माणूस पडला की शटर पडते. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला वीस रुपयांत अपघाताचे दोन लाखांचे संरक्षण मिळते, जीवनज्योती योजनेत वर्षाला ४३६ रुपयांत मृत्यूनंतर कुटुंबाला दोन लाख. ही रक्कम दुकानाचे कर्ज फेडायला साधारण पुरते आणि घर वाचते. दोन्ही हप्ते दर वर्षी मे महिन्याच्या अखेरीस खात्यातून आपोआप जातात, त्या वेळी खात्यात शिल्लक असली पाहिजे. मे महिना लग्नांचा आणि बियाण्यांच्या खरेदीचा असतो, म्हणून नेमकी तेव्हाच खाती रिकामी असतात. एक पाचशेची नोट त्या महिन्यासाठी बाजूला काढून ठेवावी.

हे सगळे एका वर्षात होत नाही. ज्यांनी नीट केले, त्यांनी बहुधा आधी भाड्याच्या जागेत किंवा वडिलांच्या छपरीत धंदा दोन-तीन हंगाम चालवून पाहिला, गाव कोणत्या गोष्टीला पैसे देते ते ओळखले आणि मग जागा शोधली. धानाचे चुकारे जानेवारी-फेब्रुवारीत होतात, देणी मिटतात, हातात बयाण्यापुरते पैसे येतात. राज्याचे वार्षिक बाजारमूल्य दर, ज्यांवर मुद्रांक शुल्क मोजले जाते, ते बदलायचे झाले तर १ एप्रिलला बदलतात; १ एप्रिल २०२५ रोजी ते राज्यात सरासरी ३.८९ टक्क्यांनी वाढले होते. त्यामुळे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात दुय्यम निबंधक कार्यालयात गर्दी उसळते, सर्व्हर अडखळतो, आणि घाईत कागद न वाचता सह्या होतात. शोध अहवाल जानेवारीतच मागवला, बहिणींना संक्रांतीला आल्या असतानाच सगळे सांगितले आणि नोंदणीची वेळ फेब्रुवारीत घेतली, तर विक्रीपत्र सावकाश वाचून होते. नोंदणी झाल्यावर नमुना ८ वर नाव चढवण्याचा अर्ज ग्रामपंचायतीला, फेरफाराचा अर्ज पटवाऱ्याकडे किंवा भूमी अभिलेखात, आणि वीज जोडणी नावावर करण्याचा अर्ज महावितरणला, असे तीन अर्ज त्याच आठवड्यात द्यावेत. प्रत्येकाची पोच घेऊन ती विक्रीपत्रासोबत ठेवावी.